शिवलेली फाइल

जुन्नरच्या बाजारात त्याचं शिलाईचं दुकान होतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कुणाचं अडलं की लोक त्याला गाठायचे. तो कागद लावून द्यायचा, सोबत यायचा, डॉक्टरांशी बोलायचा. बायकोच्या छातीतली गाठ वाढली तेव्हा मीही गेलो. त्याचं नाव विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

पिशवीतले रिपोर्ट त्याच्यापुढे ओतले. मशीन थांबवून त्याने ते तारखेप्रमाणे लावले आणि सुईदोऱ्याने कडेला शिवायला घेतले. सुटा कागद दवाखान्यात हरवतो, म्हणाला. एका कागदापाशी त्याची सुई थांबली. गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, आठ महिन्यांपूर्वीचा.

"भाऊ, हा डॉक्टरला दाखवला व्हता का?"

"न्हाई. कांदाकाढणी चालू व्हती. नीट ऱ्हावा म्हणून हिच्या साड्यांखाली ठेवला. काय असतं तर त्यांनीच फोन केला असता ना?"

आता हा मला फाडून खाणार, असं वाटलं. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"माझ्या बायकोच्या टायमाला मीबी फोनचीच वाट बघत व्हतो," म्हणाला, आणि तो कागद शिवून टाकला.

दुसऱ्या दिवशी तो आम्हा नवरा-बायकोसोबत पुण्याला आला. डॉक्टर भराभर बोलत होते. तो दर वेळी म्हणायचा, "साहेब, परत सांगा, वहिनीला समजलं न्हाई." तिसऱ्यांदा डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. तेव्हा आम्हाला समजलं.

ती दिवाळीआधीच गेली. फाइल तिच्या साड्यांखाली आहे. एक टाका उसवलेला नाही.