चार पोलकी आणि मानेतली गाठ

"टीबी नाही," धुळ्याचे डॉक्टर रिपोर्ट वाचत म्हणाले आणि मी चक्क हसले.

"बाई, हसताय काय? हा हॉजकिन्स आहे. कॅन्सरच्या जातीतला."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि अक्कल सहाची. कॅन्सर पुरता कळत नव्हता, टीबी मात्र चांगला कळत होता. घरात टीबी निघाला की धाकट्या नणंदेचं, कुसुमचं, ठरलेलं लग्न मोडणार.

गाठ हाताला लागली ती दिवाळीत, वेणी घालताना. मानेच्या डाव्या बाजूला, सुपारीएवढी, रबरासारखी. दुखत नव्हती. दुखली असती तर निदान ओरडले तरी असते! जळगावात आमच्या गल्लीत शिवणयंत्र माझ्याकडेच. मी बंद गळ्याचं, उंच कॉलरचं पोलकं शिवलं. बायकांना वाटलं नवी फॅशन आली. तिघींनी तसंच शिवून घेतलं आणि मी मूर्ख, ऐटीत त्यांची मापं घेत बसले.

गाठ वाढली तशी दर नव्या पोलक्याला कॉलरचा घेर वाढवला. अंगाला खाज सुटायची, संध्याकाळी कणकण यायची, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सासूबाई म्हणायच्या, "काय व, इतला उन्हायामा कॉलर? मान शिजी जाई ना तुनी!"

एकदा पाणी भरताना वरचं बटण तुटलं आणि त्यांना गाठ दिसली. त्यांनी मला जळगावातल्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"झाले आठ दिवस."

आठ दिवसांची गाठ म्हणजे घसा बिघडला असेल. त्यांनी पेनिसिलिन दिलं, थांबायला सांगितलं. मी थांबले. गाठ थांबली नाही.

पुढच्या खेपेला कुसुम सोबत आली. तिनं पिशवीतून माझी चार पोलकी काढून टेबलावर ओळीनं मांडली. "हे दिवाळीतलं, हे संक्रांतीतलं, हे शिवरात्रीचं, हे होळीचं. टेप लावून बघा."

डॉक्टरांनी खरंच टेप लावली. साडेबारा, तेरा, साडेतेरा, चौदा इंच.

"अगं, तुझं लग्न!" मी पुटपुटले.

"नवरा दुसरा मिळेल, वहिनी. माझी पोलकी कोण शिवणार?"

डॉक्टर हसले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी धुळ्याच्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहिली, चारही पोलक्यांच्या मापांसकट.

तिथे बायॉप्सी झाली. म्हणजे गाठ काढून तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाठ टीबीची की आणखी कशाची, हे बोटांना खात्रीनं कळत नाही. तपासायला गाठ मुंबईला पाठवली. रिपोर्टची वाट बघण्याचे बारा दिवस मी मानेची दुसरी बाजू चाचपत काढले. एका सकाळी बघते तर माझी तीन वर्षांची लेक आरशासमोर स्वतःची मान तशीच दाबत उभी. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

रिपोर्ट आला तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: लिम्फोसाइट म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशी, त्यांची ठाणी म्हणजे मानेतल्या, काखेतल्या ग्रंथी. पहारेकरीच बिघडून वाढत सुटले की तो लिम्फोमा. हॉजकिन्स त्यातलाच एक. "नशीब, अजून मानेतच आहे," ते म्हणाले. "आणखी दोन पोलकी शिवली असती, तर हे म्हणता आलं नसतं."

मुंबईला कोबाल्टचा शेक, म्हणजे गाठीच्या जागी किरणांचा मारा, घेतला. मानेची कातडी काळवंडली, घास गिळवेना. रोज वाटायचं, लेक मला ओळखेनाशी होईल.

कुसुमनं होणाऱ्या सासरी स्वतः पत्र लिहून सगळं कळवलं होतं. आठ दिवस उत्तर नाही. मग तिचे सासरे एदलाबादहून आले आणि म्हणाले, "वहिनी बरी होऊ द्या, मग तारीख धरू."

तिच्या लग्नात मी खोल गळ्याचं पोलकं घातलं, व्रणासकट. कुणी विचारलं की सगळं सांगायचे, जेवण थंड होईपर्यंत.

तुम्हाला एवढंच सांगते, न दुखणारी गाठ झाकू नका, आणि डॉक्टरांनी 'कधीपासून' विचारलं तर खरं सांगा. माझ्या वाटचं खरं कुसुमला सांगावं लागलं. आता तीही आजी झाली आहे. भेटली की पाया पडायच्या आधी माझी मान चाचपते, आणि मी गुमान पदर बाजूला करते.