हाडाशिवाय जाळ

डॉर्कस टायसन रागावली की आवाज चढवत नाही. खाली आणते. त्या संध्याकाळी टेकडीवर तिचा आवाज इतका खाली होता की आम्हाला पुढं सरकावं लागलं.

बोनफायर हा शब्द आमचा. बोन म्हणजे हाड, फायर म्हणजे आग. शहरात गेल्यावर त्यातलं हाड झिजलं, आणि लोक पालापाचोळा पेटवूनही तेच नाव घेऊ लागले. आमच्या डोंगरात शब्द अंगापिंडानं शाबूत राहिला. प्रत्येक घरानं वर्षात मेलेल्या मेंढीचं एक हाड कोठाराच्या भिंतीवर वाळवायचं, आणि जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी ते रचलेल्या लाकडांवर ठेवायचं. कुठल्या कळपातलं ते मोठ्यानं सांगायचं. पहिलं हाड पडल्याखेरीज काडी ओढायची नाही.

त्या वसंतात मेंढरांत लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आली. सरकारी माणसांनी खोऱ्यातली सगळी मेंढरं मारली आणि दूर खड्ड्यात जाळली. भिंतीवरची हाडंसुद्धा नेली. वर्तमानपत्रानं त्या खड्ड्यांनाही बोनफायरच म्हटलं. डॉर्कसनं तो अंक चुलीत घातला.

तरी जूनमधल्या त्या मोठ्या दिवशी पंचांचा प्रमुख एल्विन बेन्सन यानं टेकडीवर लाकडं रचलीच.

"पेटवू या गं डॉर्कस. पोरंबाळं आलीत. थोडं हसू दे गावाला."

"हाड कुठंय?"

"कुठून आणू? जळाली सगळी."

"जळाली नाहीत. जाळली. आणि ट्रक कोण चालवत होता?"

एल्विनची मान तांबडी झाली. "माझी मेंढरंही होती त्यात! परक्यानं फरफटत नेण्यापेक्षा मी नेली."

"मग नाव घेतलंस का कळपाचं? एकाचं तरी? भाडं घेतलंस फक्त."

एल्विननं काडेपेटी खिशात टाकली.

"नुसती लाकडं जाळायची तर घरी जाळ. भाकरी तरी भाजेल. याला बोनफायर म्हणशील तर तोंडात माती घालीन तुझ्या."

तिनं ढिगातला एक ओंडका उपसला आणि उतारावरून घराकडं चालू लागली. आधी माझ्या बायकोनं एक उचलला, मग मी, मग सगळ्यांनी. उजेड पुष्कळ होता. सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसत होती. रिकाम्या कुरणांतून आम्ही उतरलो.

सर्वांत जड बुंधा एल्विननं खांद्यावर आणला, थेट डॉर्कसच्या दारापर्यंत. घामानं निथळत उभा राहिला.

"ठेव तिथं," ती म्हणाली. "आत येऊ नकोस."