गुरुवारचा वारा

हवामान कार्यालयात त्याला सगळे 'अंशतः' म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे अंशतः. आकाश अंशतः ढगाळ, सरी अंशतः विखुरलेल्या. किनारपट्टीचा आठवड्याचा अंदाज लिहून लिहून त्याची ठाम बोलायची सवयच सुटली होती. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं बायकोने विचारलं तर तो म्हणे, "बरोबर असण्याची शक्यता आहे." ती ताट उचलून न्यायला निघाली की मग कुठे "चांगली झालीय गं" एवढं तोंडातून निघे.

वसंतातला किनारा अशा माणसाच्या पथ्यावरच पडणारा. या दिवसांत जमीन चटकन तापते, पण समुद्र आपला हिवाळ्यातला गारठा सोडायला तयार नसतो. एका स्वयंपाकघरात दोन हट्टी जावा असाव्यात, तसा प्रकार. सकाळी दोघींत धुक्यासारखा अबोला, आणि दुपारी कधी भांडं आपटेल याचा नेम नाही.

त्या सोमवारी मात्र ही अनिश्चितता त्याच्या घरात शिरली होती. पुढच्या खोलीत लेक पेटी भरत होती. कपडे थोडे, पाने आणि पकडीच जास्त. समोरच्या किनाऱ्यावरच्या शीतगृहात यंत्रांच्या देखभालीचं काम तिला मिळालं होतं. मालकाने बजावलं होतं, शुक्रवारी हजर हो, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. पलीकडे जाणारी बोट आठवड्यातून एकदाच, गुरुवारी सुटे. आणि अंदाजात त्या दिवसापुढे 'जोरदार वारा' असं छापलं, की ती धक्क्यावरच राही. बोट तशी दणकट होती. ती मर्यादा प्रवाशांच्या पोटाची काळजी म्हणून घातलेली.

"बाबा, गुरुवारी बोट सुटेल ना?"

"अजून नकाशे बघायचेत."

"नकाशे राहू द्या. तुमच्या तोंडावर आत्ताच वादळ दिसतंय."

"त्यांना नको विचारूस," बायको आतून म्हणाली. "आमच्या लग्नाला होकार द्यायचा होता तेव्हाही म्हणाले होते, दुपारनंतर चित्र स्पष्ट होईल."

लेक खदखदून हसली. तोही हसला. मग छत्री घेऊन निघाला, आणि ऊन पडलेलं असूनही ती उघडून चालू लागला.

कार्यालयात त्याने नकाशे पसरले. गुरुवारचा वारा नेमका सीमेवर उभा होता. एक गणित त्याला मध्यम म्हणत होतं, दुसरं जोरदार. असा पेच पडला की तो नेहमी जोरदारच लिही. घाबरट म्हणून कोणी हसलं तर हसू दे, पण कोणाला उलटी व्हायला नको. त्याने पेन उचललं, 'जो' लिहिला, आणि त्याला छातीत काहीतरी हलकं हलकं वाटलं. बोट सुटणार नाही. पेटी रिकामी होईल. पोरगी घरातच पकडी आपटत हिंडेल.

हा आनंदच त्याला खटकला. वाऱ्याचा अंदाज लिहिताना आनंद कशाला व्हावा? त्याने 'जो' खोडला.

समोरच्या टेबलावरच्या निरीक्षक बाई, गच्चीवरच्या उपकरणांची नोंद घेणाऱ्या, केव्हाच्या बघत होत्या. "काय साहेब, लेकीला नेणारा वारा म्हणून रागावलात का त्याच्यावर?"

"राग नाही हो. लोभ जडलाय."

"लोभाचा रकाना नाही आपल्याकडे."

"तीच तर अडचण आहे. लेक नसती तर मी डोळे मिटून जोरदार लिहिलं असतं."

"मग लिहा की! तुम्हाला लेक आहे म्हणून वारा कमी वाहणार आहे का?"

बोलणं बिनतोड होतं. म्हणूनच त्याने ते ऐकलं नाही. आपण पोरीला अडवत नाही आहोत, याची त्याला स्वतःकडूनच खात्री हवी होती, आणि ती मिळवायचा एकच मार्ग त्याला दिसत होता. त्याने 'मध्यम' लिहिलं आणि कागद उठून स्वतःच छपाईला देऊन आला. तरी बाई म्हणाल्याच, "साहेब, आज पहिल्यांदाच तुम्ही ठाम दिसलात, आणि तेही चुकीच्या बाजूला."

गुरुवारी सकाळी समुद्र इस्त्री केल्यासारखा होता. लेकीने धक्क्यावर त्याच्या खांद्यावर थोपटलं, जणू प्रवासाला तोच निघाला होता. बोट धुक्यात गेली. बायकोने डोळे पुसले. त्याने चष्मा पुसला, आणि नंतर बराच वेळ पुसतच राहिला.

दुपारी बाई गच्चीवरून खाली आल्या त्या केस विस्कटलेल्या. "चला वर. तुमचा मध्यम बघायला चला."

वर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या अशा गरगरत होत्या की वेगवेगळ्या दिसतच नव्हत्या. शेजारच्या गच्चीवरची चादर दोरीवरून निसटून थेट बंदराच्या दिशेने गेली. तो कठडा धरून उभा राहिला. डबा तसाच राहिला; बाईंनीही त्या दिवशी त्याला काही चिडवलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"पोचलीस?"

"मी पोचले. पोट मागून येतंय." लेकीचा आवाज बसला होता. "याला मध्यम म्हणतात, बाबा? कप्तान ओरडत होता, अंदाज लिहिणाऱ्याला एकदा या बोटीत बसवा म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ओळखत नाही बाई मी त्यांना."

बायकोने तोंडावर पदर धरला. तो मात्र हसला नाही. 'जो' लिहिला होता, तो का खोडला, सगळं त्याने सांगून टाकलं; एकदाही 'शक्यता' न म्हणता.

"म्हणजे तुम्ही मला तत्त्वासाठी ओकायला लावलंत?"

"तसंच."

"धन्य आहे तुमची!" ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. हसता हसता ती एकदम थांबली. "बाबा, खोली बरी आहे, पण समुद्राकडची खिडकी नीट लागत नाही. उद्या कामावर जायचंय, दुरुस्तीला वेळ नाही. शनिवारी बघेन. तेव्हा इकडे वारा कसा असेल?"

"ती बाजू आमच्या हद्दीत येत नाही गं. आमचा अंदाज धक्क्याशी संपतो."

बायकोने कोपराने इतकं ढोसलं की फोन पडता पडता वाचला.

शुक्रवारी बाई आल्या तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. समोर पलीकडच्या किनाऱ्याचा नकाशा, कडांना घड्या पडलेला, कुठल्यातरी कपाटाच्या तळातून काढलेला.

"साहेब, ही आपली हद्द नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"खिडकी लागत नाही तिथली," तो म्हणाला, आणि मान वर न करता शनिवारचा वारा शोधू लागला.