सेन्सर पुसायचं किट

ते किट मी चुकून आणलं नव्हतं. पुढं सगळ्यांना तसंच सांगितलं, पण दुकानात माझ्यासमोर दोन किटं ठेवलेली होती आणि त्यातलं चुकीचं कोणतं, हे मला नीट माहीत होतं.

परतूरमध्ये आम्ही दोघं लग्नाचे फोटो काढायचो. एकाच स्टुडिओत काम शिकलो. मी आधी, तो नंतर, म्हणून तो मला भाऊ म्हणायचा. माझा कॅमेरा रोलचा. त्यानं डिजिटल घेतला आणि वर्षभरात माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडं वळली. हळदीत बायका त्याच्याभोवती गोळा व्हायच्या, कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर आपापले चेहरे बघायला. मी छत्तीस फोटोंचा रोल पुरवत पुरवत वापरायचो. माझ्या सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाचं कामही त्यालाच गेलं. "तुम्ही आता पाहुणे म्हणून मिरवा की," बायको म्हणाली. मी मिरवलो नाही. मांडवभर त्याच्या पाठीकडं बघत राहिलो.

मांडवातल्या धुळीत तो भराभर लेन्स बदलायचा. ती धूळ आत, रोलच्या जागी फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर बसली आणि प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका यायला लागला. "नवरदेवाला तीट तुम्हीच लावली का?" असं एका गिऱ्हाइकानं त्याला विचारलं. हे त्यानंच मला हसत सांगितलं. मीही हसलो. त्याच्यापेक्षा जास्तच.

"भाऊ, उद्या औरंगाबादला चाल्लाव ना? मंग सेन्सर पुसायचं किट आणा. मला त्यातलं काही कळत न्हाई. तुम्ही निवडलं की बराबर असंल."

दुकानदारानं समजावून सांगितलं. एका किटात सेन्सरच्या रुंदीच्या सपाट काड्या, एकेक वेगळी बंद केलेली, आणि डाग न ठेवता उडून जाणारं औषध. दुसरं लेन्सचं : कापसाच्या काड्या, ब्रश, फडकं. "हे आत बिलकुल लावू नका," तो म्हणाला. मी तेच बांधून घेतलं.

त्यानं ते माझ्याच काउंटरवर उघडलं.

"पुसू ना भाऊ?"

"पूस की."

ठिपका गेला, पण पट्टे उमटले. ते काढायला त्यानं दाबून पुसलं आणि ओरखडा पडला. मी समोर उभा होतो. "दुकानदारानं चुकीचं दिलं असंल," तो म्हणाला. मी मान डोलावली.

कॅमेरा दुरुस्तीला मुंबईला गेला. लग्नाच्या तिथी दाट होत्या. मी माझा जुना कॅमेरा त्याला दिला आणि गावात मोठ्या मनाचा ठरलो.

पुढच्या वर्षी एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. नवरीचे वडील वाढायला आले, तर हा त्यांना सांगायला लागला, "भाऊनं त्या टायमाला कॅमेरा दिला म्हणून माझी इज्जत राह्यली." मी घास परत ताटात ठेवला. मी त्या गृहस्थांसमोरच त्याला म्हणालो, "दुकानदाराची काही चूक नव्हती. त्यानं मला बरोबर किट दाखवलं होतं, हे आत लावू नका म्हणूनही सांगितलं होतं. मी मुद्दाम दुसरं आणलं. तू पुसत होतास तेव्हाही गप्प बसलो. तुझी कामं बघवत नव्हती मला. माफ कर."