आमटीतला गूळ

रविवार, १९ जानेवारी १९९२. हजर: मी, हे, सासूबाई, आमची अडीच वर्षांची मुलगी, जवळच्या बेटम्याहून आलेल्या थोरल्या नणंदबाई, त्यांची दोन मुलं आणि शेजारच्या, इथल्याच मूळच्या मालवी भाभी. चार वाजता गल्लीतली नऊ मुलं येणार होती. त्यांच्यापुढे मी नंतर फुली मारलेली आहे.

ही नोंद माझ्या निळ्या वहीतली. मुलीचं बोरन्हाण होतं आणि मी आठवडाभर आधीपासून घोर लावून घेतला होता. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलाला हलव्याचे दागिने घालतात, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, तिळगूळ ओततात. आमच्या मुलीला यातलं काहीही पोटात जाऊन चालणार नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. साखर, गूळ, मध, फळं या सगळ्यांत एक साखर असते, ती फोडणारा रस हिच्या यकृतात जन्मतःच नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक खोट आली की असं होतं, फार थोड्या मुलांत होतं. वरचं अन्न सुरू झाल्यापासून तिला उलट्या, घाम, गळून जाणं, पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या. मी विचारलं, औषध काय? ते म्हणाले, "गोळी नाही. जे बाधतं ते ताटात येऊ द्यायचं नाही. आणि अशी मलूल झाली तर ग्लुकोज द्या, ते चालतं." साखर चालत नाही आणि ग्लुकोज चालतं, हे सासूबाईंना पटवायला मला दोन दिवस लागले.

घरी येऊन मी यादी केली. वर मोठ्या अक्षरात: गोड बंद. खाली साखर, गूळ, मध, सगळी फळं, मिठाई, बिस्किटं, सरबत, प्रसाद. एक प्रत स्वयंपाकघरात, एक देवघरात, एक दाराच्या आत.

यांची मिल त्याच वर्षी बंद पडली होती. हे तिथे टाइम ऑफिसात हजेरी लिहायला होते. मी एका खाजगी कंपनीत टायपिंगला जायला लागले, स्वयंपाक पूर्ण सासूबाईंकडे गेला आणि मुलीला भरवणं यांच्याकडे. दर तीन तासांनी भरवायचं होतं. पूर्वी मिलच्या भोंग्यावर घराची कामं चालायची, आता भोंगा नव्हता, म्हणून यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून ओट्यावर आणून ठेवलं. वहीत हे हजेरी मांडल्यासारखं लिहीत: "कढीभात, ११.००. उलटी, ११.४०." त्या उलट्या काही थांबत नव्हत्या. पूर्वीपेक्षा कमी, पण होत्या. दर शनिवारी मी तिला वाण्याकडच्या काट्यावर बसवत होते. काटा जागचा हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर यकृत टिकणार नाही. ते वाक्य मी वहीत लिहिलेलं नाही.

तर बोरन्हाण. हलव्याच्या ऐवजी मी मखाणे ओवून हार, बाजूबंद, मुकुट केला. ओतायला चुरमुरे, खडू, पेन्सिली. नणंदबाईंनी ते पाहिलं आणि दाराच्या आतली यादीही वाचली.

"काय गं, तुमच्याकडे आता जेवायलाही परवाना लागतो का?"

"मला विचारू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मी पण अर्ज भरूनच आत येते."

सगळे हसले. मी नणंदबाईंच्या मुलांचे खिसे तपासले तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

साडेबाराला पानं घेतली. भाभीही जेवायला होत्या. मुलगी आजीच्या मांडीवर बसून आमटीभात जेवली, चांगली दोन वेळा मागून जेवली. मला बरं वाटलं. दीडच्या सुमाराला तिच्या कपाळावर घाम आला. मग उलटी. मग मान टाकली. यांनी ग्लुकोजचं पाणी चमच्याने पाजायला घेतलं आणि मी नणंदबाईंच्या मुलांना भिंतीशी उभं केलं.

"तोंड उघडा. हात दाखवा. तिला काय दिलंत?"

"मामी, सच्ची, कुछ नहीं दिया," मोठा रडायलाच लागला.

"माझ्या पोरांनी विष घातलं म्हण ना सरळ!" नणंदबाई उसळल्या.

मी सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्ही काही दिलंत का? गोड?"

"गोडाचा कण दिला नाही मी. देवाशपथ."

"मग झालं कसं?"

"मला काय माहीत? तुझी यादी, तुझी वही, तिलाच विचार!"

भाभी दारात भांडी घेऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बुरा मत मानना काकीजी, पर आप लोगों की तो दाल ही मीठी होती है."

"दाल मीठी कशाने असेल?" सासूबाई म्हणाल्या. "गूळ तर बस चवीपुरता डलता है."

यांच्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला.

आमटीत गूळ असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. लग्न झाल्यापासून मी तीच आमटी खात होते, नोकरी लागण्याआधी मीही तोच खडा टाकत होते. यादीत गूळ शब्द माझ्याच अक्षरात होता. पण तो हातात द्यायचा गूळ, पोळीत भरायचा गूळ. आमटीतला खडा आमच्यापैकी कोणीच गुळात धरला नव्हता. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मी प्रश्नच असा विचारला होता की ज्याचं खरं उत्तर "नाही" असंच येईल.

मुलगी तासाभराने डोळे उघडून बघायला लागली. नऊ मुलांना येऊ नका म्हणून निरोप धाडला. त्या संध्याकाळी सासूबाई चुलीकडे फिरकल्या नाहीत. "मला नाही जमायचं, तूच कर," एवढंच बोलल्या. मी दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर पाटावर वही घेऊन बसले आणि म्हटलं, "माझी यादी चुकली. तुम्ही सांगा, मी लिहिते. गूळ आणि साखर कशाकशात जाते?"

त्या बोटांवर मोजायला लागल्या. आमटी. कढी. कारलं. भरली वांगी. कोशिंबीर. हिरवी चटणी. पोह्यांवर वरून. साबुदाण्याची खिचडी. थांबून म्हणाल्या, "लाल भोपळा तर स्वतःच गोड, तोही लिही. गाजर पण." मधेच त्यांना हसू आलं. "अगं बाई, मग आपण खारट काय खातो?"

तेवीस जिनसा झाल्या. यादीचं डोकं मी बदललं. "गोड" हा शब्दच काढून टाकला. पुढच्या महिन्यात वाण्याचा काटा पहिल्यांदा हलला.

नंतरच्या वर्षांत दुकानात नवनवीन डबे आले, पाकिटं आली. दुकानदार पुढे करायचे, "भाभीजी, एकदम नया आया है." मी दारातच उभी राहून मागची बारीक अक्षरं वाचायचे. नमकीन लिहिलेल्या पाकिटांतही साखर निघायची. खोकल्याच्या औषधातही. यादी वाढत वाढत चौसष्ट जिनसांवर गेली.

मुलगी आता अठराची आहे. सोमवारपासून गावाबाहेर राऊच्या कॉलेजात जाईल. बारा वर्षं शाळेत तिने माझा डबा एकटीने खाल्ला. आता म्हणते, "आई, मला मेसमध्ये सगळ्यांसोबत जेवायचंय. मी विचारून खाईन ना." विचारून. मेसच्या महाराजांशी, म्हणजे तिथल्या स्वयंपाक्याशी, मी फोनवर बोलले. "बेटी के खाने में मीठा नहीं डलेगा, बेफिकर रहो," ते म्हणाले. मी विचारलं, दालमध्ये? "अरे नहीं बहनजी, दाल में कौन मीठा डालता है." मग जरा थांबून, "बस, टमाटर की खटास काटने को ज़रा-सी शक्कर."

मी लगेच हिंदीत यादी लिहायला घेतली. तीनदा फाडली. आमच्या तेवीस जिनसा सासूबाईंच्या हातातून आल्या होत्या. महाराजांच्या हातातून काय जातं ते मला माहीत नाही, आणि ते त्यांना विचारून कळणार नाही. एक सकाळ त्यांच्या चुलीपाशी बसून, फोडणीपासून झाकणापर्यंत, हात बघायला हवा.

मुलगी म्हणते, "आई, प्लीज. तू तिथे वही घेऊन बसलीस तर मी कॉलेजच सोडीन."

आज शुक्रवार. वहीत उद्याच्या पानावर लिहिलं आहे: राऊ, मेस, सकाळी आठ. तिला सांगणे. यातलं सांगायचं अजून राहिलं आहे.