हलगरकर मॅडमचा राग आणि न भरलेला फॉर्म

नांदेड, रविवार, २२ जून

गौरवग्रंथ समितीच्या सदस्यांनो, आधी माफी मागतो. प्रा. महानंदा हलगरकर मॅडमच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख द्यायला मी जानेवारीत आनंदाने होकार दिला आणि त्यानंतर तुमच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. कामाचा व्याप हे कारण दोनदा लिहून खोडलं, कारण ते खरं नाही. रोजनिशी मी या काळातही रोज लिहीत होतो, म्हणजे वेळ होता. खरं कारण पुढे सांगतोच.

मॅडमच्या हसतमुख स्वभावाच्या आठवणी लिहा, असं तुमच्या पत्रात आहे. माझ्याकडे तशा फार नाहीत. माझी त्यांची ओळखच रागातून झाली.

हिमायतनगरहून अकरावीला मी लातूरला आलो. मॅडम आम्हाला रसायनशास्त्र शिकवत. पहिल्याच महिन्यात अनुमापनाचं प्रात्यक्षिक होतं. ब्युरेट नावाच्या उभ्या नळीतून द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, खालच्या चंबूतला रंग पालटला की थांबायचं आणि किती लागलं ते वाचायचं. असं तीन वेळा. मी एकदाही केलं नव्हतं. शेजाऱ्याच्या वहीतून १०.२ हा आकडा तीनदा उतरवला होता. मॅडमनी वही पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तीनदा तंतोतंत सारखं? अरे, गिलासातलं पाणीबी तीनदा सारखं सांडत नाही."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. सहाव्या वेळेला मला ते जमलं. सहाही वेळा त्या समोर स्टुलावर बसून होत्या. मेस बंद झाली असेल हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवली. चेहऱ्यावरचा राग मात्र तसाच. आमच्या वर्गात तेव्हा एक विनोद चालायचा, की हलगरकर मॅडमचं ब्युरेट आणि सासूबाईचा चहा, दोन्ही थेंब मोजून. तो मॅडमच्या कानावर गेला. आपल्या सासूबाईंचा हात आपल्यापेक्षा सैल होता, एवढीच दुरुस्ती त्यांनी केली.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे नांदेडला आल्या. तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या माडीवर फार्मसीसाठी सीईटीची तयारी करणारी मुलं बसतात. फी नाही, पण एक नियम आहे. सराव परीक्षेत प्रत्येक उत्तरासमोर 'माहीत' किंवा 'अंदाज' असं लिहायचं. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका, असं आम्ही क्लासवाले शिकवतो आणि मॅडमही तेच सांगतात. फक्त त्यांच्या टेबलावर बरोबर आलेल्या अंदाजालाही शून्य मिळतो, आणि 'माहीत' लिहून चुकलं तर त्या एका प्रश्नावर पाऊण तास जातो. एक पालक भांडायला आले होते. क्लासमध्ये वरच्या नंबरावर असणारा मुलगा इथे तळाला कसा, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी त्यांना विचारलं, की तुमच्या आईची बीपीची गोळी दुकानदाराने अंदाजाने दिलेली चालेल का. ते तणतणत जिना उतरले. पुढच्या वर्षी त्यांनी मुलीलाही पाठवलं.

मॅडमचा सगळ्यात मोठा राग आहे तो फार्मसीला उरलेल्यांचा कोर्स समजणाऱ्यांवर. आमच्याकडे निकाल लागला की चौकाचौकांत फलक लागतात. त्यांवर डॉक्टर होणाऱ्यांचे फोटो. फार्मसीला लागलेल्याच्या घरी लोक समाचाराला आल्यासारखे येतात, नशीब म्हणतात, चहा पितात आणि जातात. मॅडम अशा घरी पेढे घेऊन जातात आणि नशीब म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सुनावतात. मीही अशा एका घरात बसलेलो होतो. मलाही सुनावलं.

आता ज्याच्यामुळे हा लेख इतके महिने अडला ते.

नांदेडच्या एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की माझा दोष त्याच्यावरही वाटला जाईल. माझ्या बॅचमध्ये कंधारची एक मुलगी होती. तिचं खरं नावही लिहीत नाही, शिवकन्या म्हणतो. वडिलांचं बसस्टँडजवळ भांड्यांचं दुकान. तिला पहिल्या दिवसापासून फार्मसीलाच जायचं होतं. कंधारात स्वतःचं मेडिकल टाकायचं, म्हणजे बायकांना औषध मागताना दुकान रिकामं व्हायची वाट पाहत बाहेर उभं राहावं लागणार नाही, असं तिने मला सांगितलं होतं. रविवारी ती मॅडमकडेही जायची.

तिचे गुण चांगले दिसले म्हणून आम्ही तिला नीटच्या खास बॅचमध्ये घातलं. त्या बॅचने सीईटीचा फॉर्म भरायचा नाही, असा आमचा दंडक आहे. दोन दगडांवर पाय नको, असं आम्ही सांगतो. खरं कारण फलकावरचा आकडा: मुलं फार्मसीकडे वळली, तर डॉक्टर होणाऱ्यांचे फोटो कमी होतात. शिवकन्याने मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तो फॉर्मचा शेवटचा दिवस होता. अभ्यासात लक्ष दे, फॉर्मचं आपण पाहू, असं मी म्हणालो. पाहण्यासारखं काही उरणार नाही हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं.

मॅडम प्रत्येकाच्या फॉर्मची पावती स्वतः पाहतात. शिवकन्याने त्यांना सांगितलं, की फॉर्मचं सर बघणार आहेत. ते 'सर' म्हणजे मी, मॅडमचा जुना विद्यार्थी, म्हणून त्यांनी पावती मागितली नाही. इतक्या वर्षांत त्यांनी एकदा विश्वासावर सोडलं, ते माझ्यावर.

नीटचा निकाल लागला. मेडिकल मिळण्याइतके गुण नाहीत. सीईटी दिलेली नाही, म्हणून बी. फार्मसीचं मुख्य दार यंदा बंद; नीटच्या गुणांवरच्या मोजक्या जागा तिच्या आवाक्यात नाहीत. तिचे वडील तिला घेऊन क्लासमध्ये आले. संचालक त्यांना माझ्यासमोर म्हणाले, की फॉर्म भरणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी असते, मुलगी निष्काळजी निघाली. वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "हिनं फारमच भरला न्हाई म्हणायलेत, सर. एवढं बी ध्यान न्हाई तर पुढं शिकून काय करायचंय? बसंल दुकानात." मी हजेरीपटाकडे पाहत राहिलो. शिवकन्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही.

गेल्या रविवारी मॅडमकडे जाऊन मी हे सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बराच वेळ त्या समोरच्या उत्तरपत्रिका नीट लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती बोलली नाही, म्हणजे त्या लेकरानं तुझी अब्रू राखली. अन् तू तिची?"

पुढचं वर्षभर तिला स्वतःच्या घरी ठेवून सीईटीची तयारी करून घ्यायला त्या तयार आहेत. सुनेशी बोलून खोलीही ठरवली आहे. पण निष्काळजी ठरलेल्या मुलीला तिचे वडील आणखी एक वर्ष देणार नाहीत, आणि ते मॅडमच्या सांगण्याने बदलणार नाही. चूक माझी, तर तोंडही माझंच पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, नोकरी जाईल. "जाईल," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

त्याला आज आठ दिवस झाले. मी गेलेलो नाही. हा लेख लिहिणं हीसुद्धा न जाण्याचीच एक सबब आहे का, हे मी स्वतःला विचारलं. थोडी आहे. म्हणून तो आजच पाठवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. छापायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मॅडमच्या विद्यार्थ्यांनो, आपल्यातले निम्मे आज लातूर-नांदेडच्या क्लासांत आहेत. मॅडमचे विद्यार्थी म्हणून आपण मिरवतो आणि सोमवारी त्यांना न आवडणारं सगळं करतो. समारंभाला शाल घेऊन येण्याआधी आपापल्या बॅचमधल्या किती जणांना आपण फॉर्म भरू दिला नाही, ते एकदा मोजा. मोजलं नाही, तर निदान पुढच्या रांगेत बसू नका.

मॅडमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे. जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबतात आणि दम लागला हे कबूल करत नाहीत. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे साथ देवोत, ब्युरेटवरची बारीक रेघ त्यांना चष्म्याशिवाय वाचता येवो. आणि आमच्यासारख्यांवर चिडायची ताकद शंभरीपर्यंत जराही कमी न होवो.

आजच्या रोजनिशीतलं उद्याचं काम: सकाळच्या पहिल्या बसने कंधार. शिवकन्यासमोर तिच्या वडिलांना सांगणे, की फॉर्म मी भरू दिला नाही.