‘इफ’च्या मागून कोण येतं

बर्न्लीच्या कालव्याकाठी जी गिरणी होती, तिच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आठशे साचे, म्हणजे माग, एका छपराखाली चालत. त्या खडखडाटात ओरडून बोलायची सोयच नव्हती. बायका आवाज न काढता, तोंड मोठं करून बोलत आणि समोरची ओठ वाचून उत्तर देई. कुणाच्या सुनेची भानगड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोचे आणि मधे उभ्या असलेल्या, साचे दुरुस्त करणाऱ्या जॉबरला पत्ताही लागत नसे.

या विद्येत एडना हार्ग्रीव्ह्जचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौदाव्या वर्षी ती साच्यावर उभी राहिली, आता सेहेचाळिशी गाठली होती. उजव्या कानानं कधीचाच राजीनामा दिला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. चॅपेलमधलं प्रवचनसुद्धा ती पाद्रीबाबांच्या ओठांवरून ऐकायची. मधे त्यांना दाढी-मिशा वाढवायची लहर आली, तेव्हा एडनानं त्यांच्या घरी जाऊन हरकत घेतली होती.

तिच्या शेजारच्या साच्यांवर स्टेफानिया नावाची युक्रेनी मुलगी होती. लढाईनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून इंग्लंडच्या गिरण्यांत आणलेल्यांपैकी एक. सव्वीस वर्षांची, हाताला चलाख, इंग्रजी मात्र धडपडत बोलणारी. तिला धोटा कसा धरायचा इथपासून ओठांनी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं एडनानंच शिकवलं होतं.

१९५० च्या नोव्हेंबरात एके सकाळी स्टेफानिया खिशात पत्र घेऊन आली. तिचं ज्याच्याशी जमलं होतं तो पेट्रो दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला होता. आता तो विनिपेगमध्ये रेल्वेत कायम झाला होता आणि तिला बोलावत होता. साच्यांच्या फटीतून मान वर करून ती ओठांनी काहीतरी म्हणाली. एडनानं वाचलं ते असं, की तू जाशील की नाही ते मला कळत नाही.

एडना बुचकळ्यात पडली. मी कशाला जाऊ, आणि कुठं, असं तिनं उलट विचारलं. स्टेफानियानं मान हलवून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. एडनानं पुन्हा तेच वाचलं. तिसऱ्या खेपेपर्यंत एडनाच्या दोन साच्यांवर धागे तुटले, आणि तिथला जॉबर म्हणजे तिचाच नवरा विल्फ, हातातला पाना नाचवत धावत आला.

उलगडा झाला तो चहाच्या सुट्टीत, भिंतीपलीकडे.

“मी म्हटलं, इफ टू गो,” स्टेफानिया म्हणाली. “मी जावं की न जावं.”

“अगं पोरी, मला दिसलं इफ यू गो. टू काय नि यू काय, दोन्हीला ओठांचा चंबूच होतो. पण इफ टू असं कुणी म्हणतच नाही. तिथं व्हेदर टू म्हणायचं.”

“तुम्हीच तर म्हणालात, मावशी, इफ आणि व्हेदर एकच.”

“एकच आहे.”

“मग याला का चालत नाही?”

स्टेफानियानं तिला सांगितलं, की आमच्याकडं दोन्हीला मिळून एकच शब्द आहे, ‘चि’. चि जावं, चि राहावं, चि तो येईल. चिला सगळं चालतं.

त्या दिवशी एडना घरी निघाली ती डोक्यात भुंगा घेऊनच. टू आणि यू ओठांवर सारखे दिसतात हे तिला बत्तीस वर्षं ठाऊक होतं, आणि तरीही ‘इफ’च्या मागं तिची कधी फसगत झाली नव्हती. याचा अर्थ ती तिथं बघतच नव्हती. वरचे दात खालच्या ओठावर टेकून ‘इफ’ झालं, की पुढं कुणीतरी माणूस येणार, मी, तू, तो नाहीतर शेजारीण, हे ती गृहीतच धरत आली होती. नुसती क्रिया, धनी नसलेली, तिथं कधी आलीच नव्हती. हे तिला कुणी शिकवलं? आईनं तर नव्हतं शिकवलं. शाळा तर बाराव्या वर्षीच अर्ध्या दिवसावर आली होती, उरलेला अर्धा दिवस गिरणीत हाताखाली जाई.

मग तिला नादच लागला. कसायाच्या रांगेत, बसच्या थांब्यावर, चॅपेलच्या पायऱ्यांवर ती लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. दिसेल ते विल्फच्या सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांवर लिहून ठेवी. कसाई म्हणाला, शनिवारी उघडावं की नाही ठरवलेलं नाही. तिथं ‘व्हेदर’, आणि मागं ‘टू’. शेजारची मिसेस पिकलिस म्हणाली, नवऱ्याला विचारण्यापेक्षा न विचारलेलं बरं. तिथं ‘दॅन’, आणि मागं ‘टू’. कुणी म्हणालं, वाट बघण्यावाचून इलाज नाही; तिथं ‘बट’, आणि त्याच्याही मागं ‘टू’. ‘बिकॉज’च्या मागं मात्र कधी नाही. ‘अन्टिल’च्या मागं नाही. इफच्या मागं तर नाहीच नाही.

“बाकीच्या बायका नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या शोधतात,” विल्फ म्हणाला. “माझी बायको पाकिटावर स्वतःच लिहिते.”

“तू गप्प राहा आणि लवकर ओढून संपव. मला पुठ्ठा कमी पडतोय.”

तीन आठवडे नियम टिकला. चौथ्या आठवड्यात त्याला मांजर आडवं गेलं. मिसेस पिकलिस आपल्या मांजराबद्दल सांगत होती, की त्यानं रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जणू म्हणायचं होतं, एवढंच का? आणि ते ‘जणू’ तिच्या ओठांवर चक्क ‘अॅज इफ टू’ असं उमटलं. दात ओठावर टेकले आणि लगेच चंबू. एडनानं तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मिसेस पिकलिसला वाटलं, मांजराची गोष्ट फार आवडली.

एकट्या ‘इफ’ला जे चालत नाही, ते पाठीशी ‘अॅज’ उभा राहिला की कसं चालतं? हे काही एडनाच्यानं सुटेना. ती पाकिटांचा गठ्ठा घेऊन ऑर्मरॉड मास्तरांकडे गेली. गिरणीत आलेल्या परदेशी लोकांना ते आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी शिकवत. मास्तर म्हणाले, तिथं मधले शब्द गाळलेले असतात, जणू त्याला म्हणायचं होतं, असं ते मूळ. एडना म्हणाली, असतील, पण मग तसेच नुसत्या इफच्या मागचे का गाळता येत नाहीत? मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि आठ दिवसांची मुदत मागितली.

आठ दिवसांनी ते स्वतः तिच्या दारात उभे राहिले, हातात कागद. त्यांनी एक वाक्य शोधलं होतं. वाट बघणं हे जर पाप असेल, तर मी पापी. इंग्रजीत लिहिलं, की ‘इफ’ला लागूनच ‘टू वेट’ येत होतं.

एडनानं वाचलं. “असं कोण बोलतं, मास्तर?”

“बोलू शकेल एखादा.”

“साच्यावर नाही बोलणार. आणि बघा, इथं वाट बघणं हाच माणूस झालाय. पाप ठरतोय तोच. इफला हवा होता तसा कुणीतरी मिळालाच की.”

मास्तर ओट्यावरच बसले. मग एडनानं आपला तर्क सांगितला. टूला स्वतःचा धनी नसतो, तो वाक्यात आधी आलेल्या माणसाचा उसना घेतो. जावं की न जावं मला कळेना, यात जाणारी मीच आणि न कळणारीही मीच. व्हेदर तेवढ्यावर भागवून घेतो. इफ घेत नाही, तो दारात उभा राहून विचारतो, कोण ते सांगा.

“याला कारण म्हणता येणार नाही,” मास्तर म्हणाले. “पण खूण चांगली आहे. लिहून घेऊ का?”

मधल्या काळात स्टेफानियाचं काही ठरत नव्हतं. छावण्यांतून आणलेल्यांना गिरणीच्या नोकरीला बांधून ठेवणारी सरकारी अट जानेवारीत उठली, आता कुठंही जायची मुभा होती. एका दुपारी पावाला चरबी लावता लावता ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, जावं की न जावं मला कळत नाही, आणि तिनं ‘व्हेदर टू’ अगदी बरोबर म्हटलं. एडनाच्या जिभेवर ‘नको जाऊस’ तयार होतं. तिला मूलबाळ नव्हतं. शेजारच्या चार साच्यांवर दुसरं कुणी उभं राहील, ही कल्पना तिला सोसत नव्हती.

“हे तू मला विचारतेस, की स्वतःला?” तिनं विचारलं.

स्टेफानियानं हातातला पाव खाली ठेवला. “स्वतःला, मावशी.”

“मग मी मधे बोलत नाही,” एडना म्हणाली, आणि खरंच बोलली नाही. घरी मात्र विल्फनं जेवणाचं ताट तिच्यासमोर ठेवलं, ते तिनं तसंच परत सरकवलं.

मार्चमध्ये स्टेफानिया निघाली. बर्न्लीहून गाडीनं लिव्हरपूल, पुढं बोट. फलाटावर गारठा होता, डब्याच्या काचा बंद होत्या. गाडी हलली तशी स्टेफानिया काचेला तोंड लावून बोलू लागली, गिरणीत बोलायची तसं, तोंड मोठं करून. फलाटावरच्या लोकांना नुसतं हलणारं तोंड दिसलं. एडनाला ‘व्हेदर’ दिसला, मग चंबू, मग ‘राइट’. पण तो चंबू टूचा की यूचा? मी तुम्हाला लिहू की नको, असं ती विचारत होती, की तुम्ही मला लिहाल की नाही असं? व्हेदरच्या मागं दोन्ही येतात. बोट दाखवायला तिचे हात मोकळे नव्हते, काखेत गाठोडं होतं. एडना गाडीबरोबर चार पावलं धावली, तोवर काच पुढं गेली होती.

दोन्हींचं उत्तर एकच होतं. घरी आल्याबरोबर, कोटही न काढता, तिनं विनिपेगच्या पत्त्यावर पत्र लिहायला घेतलं. आयुष्यात तिनं लिहिलेलं ते पहिलं लांब पत्र. स्टेफानियाचं पत्र वाटेतच त्याला ओलांडून आलं.

त्या शरदात ऑर्मरॉड मास्तरांनी एडनाला आपल्या वर्गात बोलावलं. मी नियम सांगतो, तुम्ही ओठ दाखवा, असं ठरलं. पहिल्या दिवशी ती दाराशीच घुटमळली. अकरा जण बसले होते, लाटवियाचे, पोलंडचे, दोन इटालियन मुली. मास्तरांनी तिची ओळख करून दिली, पण ते तिला पाठमोरे होते म्हणून तिला कळलीच नाही. मग ती खुर्ची ओढून उजेडात बसली आणि सगळ्यांनी आपापलं नाव आवाज न काढता सांगावं, असं म्हणाली. दहा नावं तिनं बरोबर ओळखली. अकरावा लाटवियाचा आडदांड गडी होता, त्याला झुबकेदार मिशा होत्या. त्याला तिनं पुढच्या खेपेला मिशा कापून यायला सांगितलं.

तो आलाही. पुढं तेरा वर्षं, गिरणी बंद पडेपर्यंत आणि नंतरही, एडना मंगळवारी त्या वर्गाला जात राहिली.